चिखलाचा बंदोबस्त

पावसाळ्यातील रविवारी जे गृहस्थ आपली डोंगरी सायकल मोटारीत घालून, म्हणजे माणसाला वाहून नेण्यासाठी निर्माण झालेल्या वाहनालाच दुसऱ्या वाहनात आदरपूर्वक पहुडवून, पुण्याहून पाचगणी-महाबळेश्वरच्या दिशेने प्रस्थान ठेवतात, त्यांची निसर्गभक्ती परतीच्या वेळी डिकी उघडताच संपुष्टात येते. जो चिखल घटकाभरापूर्वी पुरुषार्थाचे भूषण होता, तोच आता आरोपी ठरतो, आणि फर्माने सुटू लागतात: पुढचे चाक काढावे, मागची आसने पाडावीत, साखळीची बाजू वर राहील अशा बेताने सायकल आडवी करावी, खाली ताडपत्री अंथरून तिच्या कडा वर वळवाव्यात, कारण सपाट ताडपत्रीवरचे गढूळ पाणी पहिल्याच वळणावर सरहद्द ओलांडते. ही तजवीज रास्तच आहे. जांभ्याची ती लोहयुक्त तांबडी माती ओली असताना पुसू गेले तर अस्तराच्या धाग्याधाग्यांत मुरते, वाळू दिली तर कुंचल्याने बरीचशी झडते. साखळीच्या काळ्या वंगणाला मात्र अशी दयामाया ठाऊक नाही. (त्या साखळीवर पांघरायला घरातली ‘जुनी’ म्हणून उचललेली चादर जुनी नव्हती, हा दिवाणी दावा निराळा.)

असा कडेकोट बंदोबस्त झाल्यावर, मडगार्ड नसलेल्या त्या सायकलीच्या मागच्या चाकाने कमरेपासून मानेपर्यंत ओढलेला तांबडा पट्टा पाठीवर वागवीत, मालक चालकाच्या फिकट बदामी आसनावर निश्चिंत मनाने रेलून बसतात.