काटा उजवीकडं

उसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात जा, एक तरी आप्पा भेटतातच. थोरल्यानं कर्ज काढून घेतलेला नवा ट्रॅक्टर शेडमध्ये, आणि आप्पांचा इंटरनॅशनल बी-२७५ दारासमोरच्या उतारावर. उतारावर लावण्यामागं तत्त्व आहे. डिझेल इंजिनाला बॅटरी लागते ती सेल्फ मारण्यापुरती; एकदा धडधडलं की ते कुणाच्या बापाला विचारत नाही. त्यामुळं बॅटरी बसली तरी गिअर टाकायचा, ब्रेक काढायचा, वेग आला की क्लच सोडायचा आणि वाटेतल्या कोंबड्यांनी आपापलं बघायचं.

ट्रॅक्टरला कुणी 'जुना' म्हटलेलं आप्पांना खपत नाही. "कांदिवलीचा माल हाय," एवढंच ते म्हणतात. १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास या तिघांनी मिळून कंपनी काढली, १९७७ साली ती महिंद्रात विलीन झाली, हे त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाचं साल मात्र काकूंना विचारावं लागतं. हा ट्रॅक्टर शेवटचा नांगराला कधी जुंपला, ते विचारू नये. थोरल्यानं एकदा विचारलं होतं. आठवडाभर आप्पा त्याच्याशी बोलले नाहीत.

अल्टरनेटर बसवायची वेळ आली ती नातवामुळं. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांवर डेक वाजतात, तसा आपल्याही ट्रॅक्टरवर वाजावा असा त्यानं हट्ट धरला. डायनामोचा तेवढा जीव नव्हता. पंचावन्न वॅटचे दोन दिवे लावले की नऊ अँपिअर तिथंच गेले, आणि इंजिन मंद चालत असताना डायनामो काहीच देत नाही. अल्टरनेटर मंद चालीवरही चार्ज करतो. मग तालुक्याच्या स्टँडामागच्या मिस्त्रीला बोलावणं गेलं.

मिस्त्री तेवीस-चोवीसचा. वायरचं प्लास्टिक दातानं सोलतो, काळी टेप मनगटात बांगडीसारखी घालतो, आणि दोन वायरी जोडलेला एक बल्ब घेऊन अख्ख्या ट्रॅक्टरचं निदान करतो. आप्पा शेजारी पाटावर बसून देखरेख करत होते.

"आदी अर्थिंग बघ. ह्या विलायती घडणीच्या गाड्यास्नी प्लस अर्थिंग असायचं."

"बघितलं, आप्पा. आता मायनस केलंय. अल्टरनेटरला उलटी बॅटरी लागली तर डायोड जागेवर जळत्यात."

"मग डायनामोच बरा की. आसं रुसत नव्हता."

त्यानंतर लाल बल्बावरून वाद झाला. डॅशवरच्या त्या बारक्या बल्बातून जो थोडा करंट जातो, त्यावरच हा अल्टरनेटर जागा होतो. आप्पांनी 'दिवसा कशाला दिवा' म्हणून बल्ब काढून खिशात टाकला होता. मिस्त्री दुपारभर चार्जिंग शोधत राहिला आणि शेवटी ते आप्पांच्या बंडीत, तंबाखूच्या पुडीशेजारी सापडलं.

पण आप्पांचा खरा जीव अँपिअर मीटरवर. मधोमध शून्य, डावीकडं तीस, उजवीकडं तीस. बॅटरीतून जातंय तर काटा डावीकडं, बॅटरीत येतंय तर उजवीकडं. आप्पांचं सगळं आयुष्य सोसायटीचं कर्ज, कारखान्याचं बिल आणि दुकानदाराची उधारी यांत गेलेलं. मिळकत डोळ्यांना दिसेल असं खातं त्यांच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं. संध्याकाळी ते सीटवर बसून, इंजिन चालू ठेवून, नुसता काटा बघत. डिझेल कुणाचं जळतंय, असं काकू आतून विचारत. त्याचा काटा मीटरात नव्हता.

एकच गोष्ट त्यांना खुपायची. सेल्फची जाड वायर बॅटरीवरून थेट सेल्फला जाते, मीटरमधून जात नाही. "सगळ्यात मोठा खर्च, आन् त्यो लिवायचाच न्हाई?" तो करंट या मीटरमधून नेला तर धूर निघेल, हे मिस्त्रीनं सांगितलं. आप्पांना ते पटलं, कारण लग्नकार्याचा खर्चही त्यांनी कधी वहीत लिहिला नव्हता.

मग डेक बसला. मिस्त्रीला घाई होती, त्यानं डेकची वायर सरळ बॅटरीच्या प्लसवर जोडली. आता अल्टरनेटरचा करंट मीटर ओलांडून बॅटरीपाशी येणार आणि तिथून डेक तो गिळणार. मीटरला वाटणार, बॅटरी भरतेय. इंजिन चालू असताना आप्पांनी गाणं लावलं, तसा काटा उजवीकडं सरकला. आवाज वाढवला, आणखी सरकला. आप्पा सीटवरून उठून उभेच राहिले.

दोन दिवसांत त्यांचा सिद्धांत तयार झाला: गाण्यानं बॅटरी चार्ज होते. लावणीला पाच अँपिअर, वरातीच्या दणक्याला बारा. भजनाला काटा जेमतेम थरथरे, म्हणून भजनं बंद झाली. "त्यात दम न्हाई," असा निकाल त्यांनी काकूंच्या तोंडावर दिला. पारावर माणसं ऐकायला जमू लागली. त्यात एक निवृत्त मास्तर होते. त्यांना काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काटा समोर असताना बोलणार काय?

भावकीत हळद निघाली. आप्पांनी ट्रॅक्टर मांडवासमोर सपाट जागी लावला, इंजिन बंद केलं आणि डेक सोडला. काटा शून्यावर. रात्रभर पोरं नाचली, काटा शून्यावर. "बघा, फुकटात वाजतंय," आप्पा येईल त्याला सांगत होते. सकाळी सेल्फ मारला तर नुसती टक्. उतार नव्हता. शेवटी नवरदेव हळदीच्या अंगानं धक्का मारायला उतरला, आणि बी-२७५ च्या मागच्या मडगार्डवर दोन पिवळे पंजे उमटले.

मिस्त्री आला, हसला, आणि त्यानं डेकची वायर मीटरच्या पलीकडं, अल्टरनेटरच्या बाजूला घेतली. आता हिशेब चोख झाला. इंजिन बंद करून लावणी लावली की काटा डावीकडं. इंजिन चालू असलं तर कितीही दणका लावा, काटा उजवीकडं एक रेघ वाढेना.

आप्पा बराच वेळ बघत बसले. आवाज वाढवला, कमी केला, काचेवर टिचकी मारली.

"मिस्त्री, ह्ये काय केलंस?"

"आता बरोबर दावतंय, आप्पा."

"बरोबर न्हवं मला. आदी हुतं तसं जोड. आन् मजुरी उसाच्या बिलावर घे."