टपावरचा डबा

टपावर उघडणारा तंबू घ्यायचा नाही, हा निर्णय मी घेतलाच नाही. गाडीच्या पुस्तिकेनं घेतला. तंबूचं वजन साठ किलो, आणि चालत्या गाडीच्या टपावर पन्नास किलोच्या वर काही ठेवू नका, असं पुस्तिका बजावत होती. "आत झोपणारे दोघे धरून?" बायकोनं विचारलं. उभ्या गाडीचा टप कितीतरी जास्त भार पेलतो, चालत्या गाडीला धक्के बसतात म्हणून मर्यादा कमी, हे शास्त्र मी तिला समजावत होतो. ते पुरतं ऐकून घेऊन ती म्हणाली, "अहो, मनालीत हॉटेलं आहेत."

लडाखच्या तयारीला लागलेल्या माणसासमोर असलं बोलू नये. त्याचं मन त्या दिवसांत फार नाजूक असतं. त्याला हॉटेलं नको असतात. त्याला वादळ हवं असतं, वाहून गेलेला रस्ता हवा असतो, आणि त्या रस्त्याच्या कडेला, हातातल्या एका विशिष्ट अवजारामुळे शांत उभा असलेला तो स्वतः हवा असतो. मला तर ते अवजार धरलेला माझा हातसुद्धा दिसायचा. त्यात हातमोजा होता. हातमोजे मी सगळ्यात आधी घेतले.

मग आली बारा व्होल्टची किटली. ती लायटरच्या सॉकेटला लावायची आणि कुठंही चहा करायचा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इंजिन चालू ठेवून, मी तिची रीतसर चाचणी घेतली. ती दीडशे वॉटची. एक लिटर पाण्याला तेवढ्या शक्तीत उकळी यायला अर्ध्या तासाच्या वर लागतो. तेवढ्या वेळात कोथरूडहून निघालेला माणूस खेड-शिवापूरला पोचतो आणि तिथला चहा पितो. तळमजल्यावरचे आजोबा दोनदा येऊन "बॅटरी गेली का?" विचारून गेले. तिसऱ्यांदा आले ते चहा घेऊनच.

गॅसच्या शेगडीची परीक्षा जास्त कडक होती. बाजारातल्या स्वस्त डब्यांत नुसता ब्यूटेन असतो, आणि तो शून्य अंशाच्या जरा खाली गेला की वायू व्हायचं नाकारतो. द्रवरूपातच पडून राहतो. तेव्हा लेहच्या वाटेवरच्या सरचूच्या रात्री आपला डबा पेटणार का, हे कळायला हवं. पुण्यात सरचूइतकं थंड एकच ठिकाण मला माहीत होतं. तिथं मटार आणि आंब्याचा रस होता. डबा मी रात्री हळूच मधे सरकवला. सकाळी बायकोचा आवाज आला, "फ्रीजरमध्ये मटार राहतील नाहीतर बाँब राहील. दोन्ही नाही." पुढे वाचनात आलं की उंचावर हवेचा दाब कमी असल्यामुळे ब्यूटेन तिथं आणखी बऱ्याच थंडीतही वायू होतो, म्हणजे आमचा फ्रीजर आणि सरचू यांची तुलनाच चुकीची. ही बातमी मी घरात सांगितली नाही.

"कुकर घ्या," एवढंच ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती. ते खरंही होतं. सरचू ४,२०० मीटरच्या वर आहे. तिथं पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि त्यात डाळ रात्रभर रटरटली तरी डाळीचा दाणा दाण्यासारखाच वागतो. तिथं शिट्टीचा साधा कुकरच हवा. पण कुकर घेऊन फोटो काढता येत नाही.

आणि आता डब्याविषयी. इथं मला थोडं मोकळं सोडा.

मनालीहून अटल बोगद्यातून बाहेर पडलं की चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमावर तांदी लागतं. तिथल्या पेट्रोल पंपावरची पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. या एका पाटीनं महाराष्ट्रात जेवढे डबे विकले असतील तेवढे कुठल्याही दुकानदारानं विकले नसतील. मी जो घेतला तो साधासुधा डबा नव्हता. तो जेरीकॅन होता. वीस लिटरचा, पोलादी, हिरवा. जर्मन सैन्यासाठी १९३७ मध्ये बनलेल्या मूळ डब्याचं तेच रूप. दोन अर्धे पत्रे ठोकून घडवलेले आणि मधोमध जोडलेले, म्हणून गळायला सांधे कमी. पेट्रोल तापून फुगलं तरी पत्र्याला हलायला वाव मिळावा म्हणून बाजूवर फुलीचे खोलगट ठसे. आत हवेचा एक कप्पा, त्यामुळे भरलेला डबा नदीत पडला तरी तरंगतो. झाकण उघडायला पाना नको, ओतायला नरसाळं नको. आणि वर मुठी तीन! एकट्यानं उचलायचा तर मधली धरा, दोघांनी न्यायचा तर कडेच्या दोन. रिकामे असतील तर एका हातात दोन डबे. तीन मुठींवर इतका विचार केलेली दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. आमच्या लग्नात आलेल्या एकाही भांड्याला एकसुद्धा धड मूठ नव्हती.

पुढे महायुद्धात इंग्रज उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पातळ पत्र्याच्या चार गॅलनी डब्यांतून पेट्रोल वाहत होते. ते इतके गळायचे की शिपाई ते कापून, वाळू भरून, वाळूवर पेट्रोल ओतून त्यावर चहा करत. (माझ्या किटलीपेक्षा लवकर होत असणार.) शेवटी इंग्रजांनी जर्मनांचे डबे पळवले आणि मग हुबेहूब नक्कल केली.

पण माझा जीव जडला तो पॉल प्लाइस या अमेरिकी अभियंत्यावर. हा बर्लिनमध्ये नोकरीला. १९३९ च्या उन्हाळ्यात त्यानं एका जर्मन सहकाऱ्याबरोबर मोटारीनं थेट हिंदुस्थानात यायचं ठरवलं. गाडी तयार झाली, आणि पिण्याचं पाणी कशात न्यायचं हे राहूनच गेलं. सहकाऱ्याला टेंपलहॉफ विमानतळावरच्या साठ्याची वाट माहीत होती. तिथून त्यानं तीन डबे उचलले. बऱ्याच सरहद्दी ओलांडल्यावर जर्मनीतून विमान आलं आणि सहकाऱ्याला परत घेऊन गेलं. जाताना तो डब्याची सगळी मापं प्लाइसला सांगून गेला. प्लाइस एकटाच कलकत्त्यापर्यंत आला, गाडी तिथं ठेवली आणि मायदेशी परतून लष्कराला सांगू लागला, असा असा डबा आहे. कुणी लक्ष दिलं नाही. पुढे लष्करानं केला तो डबा दिसायला तसाच, पण उघडायला पाना लागणार आणि ओतायला नरसाळं लागणार असा! सरकारी कचेरीत चांगली वस्तू सुधारणं म्हणजे काय, हे कळायला जगात इतकं लांब जायची गरज नाही. पण प्लाइस गेला होता.

आमच्या गाडीची टाकी ४५ लिटरची. डोंगरात, भरल्या गाडीला लिटरमागे बारा किलोमीटर धरले तरी ५४० होतात. हा गुणाकार बायकोनं भाजी निवडता निवडता तोंडी केला. मी म्हटलं, राखीव असू दे.

डब्यावर घरात मनापासून खूश झाला असा एकच माणूस, म्हणजे बाबा. त्यांनी झाकण चारपाच वेळा उघडमीट केलं, कान लावून खटका ऐकला आणि म्हणाले, "चांगलाय. पाणी भर रे यात. रस्त्यात कुणीतरी मागतंच."

बाबांची फिआट होती. तिच्या डिकीत एक खाकी पिशवी: पाने, पक्कड, पॉइंट घासायला पॉलिशपेपर, जुना फॅनबेल्ट, सुतळी. मे महिन्यात आम्ही वरंध घाटातून महाडला उतरायचो. परतीच्या चढणीला फिआटचा पेट्रोल पंप तापायचा, पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि गाडी बंद. मग बाबा पंचा भिजवून पंपावर टाकायचे आणि आम्ही सावलीत बसायचो. एकटे कधीच नाही. पुढेमागे दोनतीन बॉनेटं उघडी असायचीच. कुणी पाणी मागायचं, कुणी पाना. आई डबा काढायची. असंच एकदा पंचा वाळायची वाट बघताना ओळख झालेलं चिपळूणचं एक कुटुंब पुढे ताईच्या लग्नाला दोन दिवस आधी येऊन राबलं होतं.

मी जमवलेल्या सामानाची यादी आता वाचली की माझी चिडचिड होते. हवा भरायचा पंप, पंक्चरचा संच, फसलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या, ओढायचा पट्टा, विजेचा साठा: प्रत्येक वस्तूच्या जाहिरातीत तोच एकटा माणूस, आजूबाजूला मैलोन् मैल कुणी नाही, आणि हिमालय म्हणजे शत्रू. ज्या रस्त्याला आपण मोहीम म्हणतो तिथं कुणीतरी लाहौली माणूस जुन्या आल्टोतून भाजी पोचवत असतो, टँकरवाला स्टोव्हवर पोळ्या भाजत असतो. कुणाचं तोंड बघायला लागू नये म्हणून एवढे पैसे खर्च करायचे, हे बाबांना कसं समजावायचं? आणि उंचावर खरोखर जे लागतं, म्हणजे लेहला पोचल्यावर दोन दिवस मुकाट्यानं पडून राहणं, ते विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरातही नाही. बाबांना तेही आवडलं असतं. डॉक्टरांनी त्यांना उंचीला साफ नाही म्हटलंय. ते नकाशा मात्र रोज बघतात आणि मला घाटांची नावं विचारतात.

जाण्याची तारीख पुढे गेली आहे. डबा पुढे गेला नाही. तो टपावरच्या कॅरियरला कुलूप लावून बसला आहे आणि रोज माझ्याबरोबर कचेरीत येतो. त्यानं गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं, हे खरं. पण सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला वर बघतो, मग माझ्याकडे बघतो. तेव्हा मी आरशात न बघता समोर, दूर कुठंतरी बघतो. त्यासाठी चष्मा वेगळा घेतला आहे.

परवा नळस्टॉपला हवालदारांनी हात केला.

"वर काय आहे?"

"जेरीकॅन."

"पेट्रोल?"

तीस लिटरपर्यंत स्वतःच्या वापरासाठी परवाना लागत नाही, हे कलम मला पाठ होतं, पण नाइलाजानं खरं सांगावं लागलं. "रिकामा आहे."

"मग लावलाय कशाला?"

इतक्या आस्थेनं हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो आणि बर्लिनपासून सुरुवात केली. तीन मुठी दाखवल्या. हवालदारांनी मधली धरून पाहिली, कडेची धरून पाहिली. विमान आलं तिथं ते "अरेरे" म्हणाले. मागे ट्रॅफिक तुंबला होता. त्यांनी एका हातानं तो हलवला आणि दुसऱ्या हातानं मला चालू ठेवा अशी खूण केली.

"म्हणजे पोचला ना तो कलकत्त्याला?"

"पोचला!"

"बरं झालं. आता पीयूसी दाखवा."