भाव काढणारे नाना

नाना प्रत्येक वस्तूचा भाव दोनदा विचारतात. एकदा दुकानदाराला, आणि एकदा तीच वस्तू घेऊन घरी निघालेल्या गिऱ्हाइकाला. दुकानदार चढवून सांगतो, गिऱ्हाईक उतरवून सांगतं, आणि खरा भाव या दोघांच्या मधे कुठंतरी दडून बसलेला असतो, असा त्यांचा सिद्धान्त आहे. तो हुडकून काढायचा म्हणजे भाव काढायचा. वस्तू विकत घेणं ही त्यानंतरची, जराशी रटाळ गोष्ट. घेतली की विषयच संपतो.

पुणतांब्यात अशी माणसं गल्लीगणिक सापडतील. गाव जंक्शनचं. दौंड-मनमाड लाइनीला शिर्डीचा फाटा इथंच फुटतो, त्यामुळे कोण कुठून काय घेऊन आला हे प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या कळतं. पण नाना म्हणजे या जमातीचे मठाधिपती. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात स्लिपबॉय म्हणून लागले, क्लार्क होऊन निवृत्त झाले. चार एकर रान, त्यात ऊस आणि कांदा, बांधाला पेरू. आणि दारात 2012 सालची पांढरी अल्टो केटेन. माझीही तीच गाडी, फक्त राखाडी. माझ्या गाडीचा भाव अर्थातच नानांनी काढून दिला होता. त्याला सात महिने लागले.

तीन वर्षांपूर्वी पंक्चरवाल्यानं नानांच्या गाडीचं चाक खोललं, टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "नाना, गोटा झाला. नक्षीच नाय राह्यली."

"नक्षी बघायची असंल तर देवळात जा," नाना म्हणाले. पण घरी येऊन त्यांनी चष्मा लावला, गाडीशेजारी पोतं अंथरून त्यावर बसले आणि चारही टायर पोथी वाचावी तसे वाचून काढले. टायरच्या खाचांमध्ये तळाशी बारके उंचवटे असतात. रबर झिजत त्यांच्या पातळीला आलं की खाच 1.6 मिलिमीटर उरली, म्हणजे टायर संपला. नानांचे टायर त्या उंचवट्यांच्या गळ्यात गळा घालून बसले होते. नानांनी खिशातून एक रुपया काढून खाचेत उभा धरला. तो उभा राहिना. "रुपयाच घसरला आहे, त्याला टायर काय करणार," असं म्हणून त्यांनी तो परत खिशात टाकला. आणि त्या दिवसापासून भाव काढायला सुरुवात झाली.

पहिले पंधरा दिवस अभ्यासाचे. एका संध्याकाळी चांगदेवांच्या समाधीच्या ओट्यावर त्यांनी मला टायरवरचे आकडे समजावून सांगितले. 155/65 आर 13. टायरची रुंदी 155 मिलिमीटर, तिच्या 65 टक्के उंची, आर म्हणजे रेडियल, आणि 13 इंचाची रिम. "आता बघ," नाना समाधीकडे हात जोडून म्हणाले, "ज्ञानोबांनी चांगदेवाला किती ओव्या धाडल्या? पासष्ट. आपल्या टायरवर किती? पासष्ट. हा योगायोग म्हणतोस का तू?" मी काहीच म्हटलं नाही. चांगदेव चौदाशे वर्षं जगले, वाघावर बसून आळंदीला गेले, आणि समोरून ज्ञानेश्वर भिंतीवर बसून आले, अशी कथा आहे. त्यावर नानांचं भाष्य असं, की एवढ्या मोठ्या प्रवासात दोन्ही बाजूंनी टायरचा खर्च शून्य.

पुढचे आकडे 73 टी. त्र्याहत्तर म्हणजे एका टायरनं 365 किलो वजन पेलायचं. नानांनी लगेच चारानं गुणलं. "चौदा क्विंटल साठ किलो. एक पिकअप कांदा की रं!" टी म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंत चालेल असा टायर. इथं मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्याच दिवशी ते श्रीरामपूरच्या एका दुकानात विचारत होते, "मला साठच्या वर जायचं नाही. साठवाला दाखवा, स्वस्तातला."

दुकानदारानं त्यांना चहा पाजला. बहुतेक ठिकाणी नानांना चहा मिळतो. कारण चहा प्यायला की माणूस उठतो, असा दुकानदारांचा सिद्धान्त आहे. नानांच्या बाबतीत तो खोटा ठरतो.

मग श्रीरामपूर, कोपरगाव, राहाता, अशी चौकशीची परिक्रमा सुरू झाली. एकानं रिमोल्ड सुचवला. म्हणजे जुन्याच टायरच्या अंगावर नवं रबर चढवायचं. नानांनी उसाच्या टायरगाड्यांमध्ये आयुष्य काढलेलं, त्यांना जुनं रबर नवं म्हणून दाखवणं म्हणजे माहेरच्या माणसाला माहेरचा पत्ता सांगणं. दुसऱ्यानं जुने टायर काढून दाखवले, 'शोरूममधून निघालेले, पाचशे किलोमीटर चाललेले'. नानांनी टायर उलटापालटा करून बाजूवरचे चार आकडे शोधले. प्रत्येक टायरवर ते असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तिथं होतं 4116. म्हणजे 2016च्या एक्केचाळिसाव्या आठवड्यात जन्मलेला टायर. "पाचशे किलोमीटर सहा वर्षांत? पायी चालत होती का गाडी?" एवढं विचारून नाना निघाले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता, तो नवे टायर घेऊन कधीच आला नसता.

आठवड्याचा तो आकडा हे पुढं नानांचं ब्रह्मास्त्र झालं. रबर नुसतं पडून पडून कडक होतं आणि त्याला भेगा जातात, हे खरंच. पण नाना लग्नात जेवायला बसले तरी मांडवाबाहेरच्या गाड्यांचे आठवडे वाचून यायचे. "नवरदेवाची गाडी बाराव्या आठवड्यातली आहे," ही माहिती मला अक्षता पडताना मिळाली.

नाशिकला मी स्वतः त्यांच्याबरोबर गेलो होतो. सिएटचा कारखाना नाशिकला सातपूरला आहे. (नावातला शेवटचा टी मात्र इटलीतल्या तुरीनचा.) नानांचं म्हणणं सरळ होतं, की पेरू राहात्याला स्वस्त, तसा नाशिकचा टायर नाशिकला स्वस्त. नाशिकच्या दुकानदारानं एका टायरमागं पन्नास रुपये कमी सांगितले. चाराचे दोनशे. जाऊन-येऊन पेट्रोल अकराशेचं. हा हिशेब मी परतीच्या वाटेवर दबक्या आवाजात मांडला. नानांनी गाडी कडेला घेतली. "पेट्रोल टायरसाठी जाळलं का आपण? आपण नाशिक बघायला आलो होतो. भाव वरचेवर निघाला."

येताना एमआरएफचा विषय निघाला. 1946 साली मद्रासमध्ये फुगे बनवत होती ती कंपनी, आणि 2023च्या जूनमध्ये तिच्या एका शेअरचा भाव लाखावर गेला. नाना बराच वेळ गप्प होते. "एक शेअर इकला तर सात अल्टोंना चारी टायर बसतील," ते शेवटी म्हणाले, "आणि वर पेट्रोलला उरतील."

नायट्रोजनची हवा भरायचा आग्रह एका पंपावर झाला, तेव्हा नानांमधला क्लार्क जागा झाला. "साध्या हवेत नायट्रोजन किती?" पोराला माहीत नव्हतं. "78 टक्के. मंग उरलेल्या बावीस टक्क्यांचे पैसे सांग."

हसणं सोपं आहे. पण मी नानांना बाजार समितीतही पाहिलेलं आहे. पहाटे उठून ट्रॉली भरायची, कांद्याचं वक्कल ओतायचं, आणि मग बाजूला हात बांधून उभं राहायचं. व्यापारी येतो, दोन कांदे हातात घेतो, एक फोडतो, आकडा बोलतो आणि पुढच्या वक्कलाकडे सरकतो. सगळं मिळून अर्धा मिनिट. तिथं नानांना कुणी चहा पाजत नाही आणि नानाही आठवडा विचारत नाहीत. 2017च्या 1 जूनला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तो आमच्याच गावातून. शहराकडे जाणारं दूध, भाजी बंद केली होती आणि एक मागणी हीच होती, की आमच्या मालाच्या भावाचं बोला. नाना त्या दिवसांत ग्रामपंचायतीसमोर रोज बसायचे. आता टायरच्या दुकानात खुर्ची ओढून "शेवटचा सांगा" म्हणताना त्यांची पाठ जी ताठ होते, ती बाजार समितीत मी कधी ताठ पाहिली नाही.

असो. तीन वर्षं अशीच गेली. या काळात टायर आणखी झिजले आणि नानींचा धीरही. मुलगी दिली आहे नागपूरला. कोकमठाणला समृद्धीवर चढलं की थेट. पण त्या सिमेंटच्या रस्त्यावर टायर तापतात, हवा कमी असली तर टायरचं पोट सारखं दुमडून जास्तच तापतात आणि फुटतात. म्हणून चढतानाच टायर बघून घासलेल्या गाड्या माघारी धाडायला लागले होते. त्यामुळे नाना-नानी नागपूरला रेल्वेनं. "गाडी आहे ती दारात रांगोळी काढायला का?" हे वाक्य त्या घरातून महिन्यातून दोनदा ऐकू यायचं.

15 ऑगस्ट 2025ला लाल किल्ल्यावरून दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली. नानांना हर्ष झाला. थांबायला आता सरकारी कारण मिळालं.

पण टायर थांबला नाही. गणपतीला दोन दिवस होते. बाभळेश्वरला कुणाच्या तरी कुट्टी मशीनचा भाव काढून आम्ही संध्याकाळी परत येत होतो. पाऊस. नगर-मनमाड रस्त्यावर खड्ड्यात पाणी भरलं की खड्डा आणि रस्ता एकाच उंचीचे दिसतात. पुढच्या डाव्या टायरला पोटाशी महिनाभर फुगा आलेला होता. खड्ड्याच्या दणक्यानं आतले धागे तुटले की येतो तसा. "सूज आहे, उतरंल," असं नानांचं निदान होतं. ती उतरली. आवाज राहात्यापर्यंत गेला असेल.

डिकीतून स्टेपनी काढली. वेल्समधल्या एका गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जादा चाकं बनवायला लागले, त्यावरून हा शब्द जगभर गेला म्हणतात. नानांची स्टेपनी बहुधा त्या पहिल्या खेपेतली असावी. तिच्यात हवा नव्हती. नायट्रोजनही नव्हता.

भिजत, चाक ढकलत आम्ही जे पहिलं उघडं दुकान दिसलं तिथं गेलो. दुकानदार जेवायच्या घाईत. "3,200. पक्कं बिल."

"शेवटचा?"

"काका, पहिला आणि शेवटचा एकच. शटर ओढायचंय."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून मोबाइलच्या उजेडात टायरचं पोट वाचलं. 3025. जेमतेम महिन्याभराचा. तोंडावर थोडं तेज आलं. एकच घेणार होते. पण दुकानदार हाडाचा धंदेवाईक. "चार घेतले तर अलाइनमेंट, बॅलन्सिंग फुकट." फुकट या शब्दापुढं तीन वर्षांची तपश्चर्या विरघळली. चारी टायर बसले, 12,800 रुपये. जुने टायर शंभराला एक घेतो, असं तो म्हणाला. नानांना हा भाव अपमानास्पद वाटला. म्हणून घरी येईपर्यंत माझ्या मांडीवर दोन गोटा टायर होते आणि तिसरा मानेशी. फुटलेला धरून ते चारही आता गोठ्याच्या पत्र्यावर आहेत, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून.

गावात शिरताच पारावरून पहिला प्रश्न आला. "नाना, केवढ्याला बसले?"

नानांनी क्षणभर मागं वळून माझ्याकडे पाहिलं. "2,950."

मी मांडीवरचे टायर नीट धरले.

3 सप्टेंबरला रात्री बातमी आली. टायरवरचा जीएसटी 28वरून 18 टक्के, 22 तारखेपासून, म्हणजे घटस्थापनेपासून. ट्रॅक्टरच्या टायरवर तर नुसता पाच. मूळ किंमत 2,500 धरली तर 28 टक्क्यांनी 3,200 आणि 18 टक्क्यांनी 2,950. नानांनी पारावर सांगितलेला भाव सरकारनं चार आठवड्यांत खरा करून दाखवला; फक्त नानांचे हजार रुपये सोडून. तीन वर्षं थांबलेला माणूस चार आठवडे लवकर गेला होता. वर लोक घरी यायला लागले. "नाना, तुमच्या दुकानदारानं तुम्हाला आधीच 2,950ला दिले, तर आता 2,700ला देईल ना? फोन करा की." नानांचा फोन त्या आठवड्यात सारखा चार्जिंगला असायचा.

दुसऱ्या माळेला मी त्याच दुकानात जाऊन माझ्या गाडीला चार टायर बसवून आणले. तोच टायर, 2,950. घरी आलो, गाडी दारात लावली. नाना ओट्यावरच होते. भाव विचारला नाही. पहिल्यांदाच.

रात्री अकराच्या सुमाराला बाहेर कुत्रं भुंकलं. खिडकीतून पाहिलं तर माझ्या गाडीच्या मागच्या चाकाशी उजेड हलत होता. पोत्यावर गुडघे टेकून, चष्मा कपाळावर, नाना वाचत होते.

"नाना?"

"1825," ते वर न बघता म्हणाले. "अठरावा आठवडा. माझा तिसावा." ते उठले, गुडघे झटकले आणि पोतं खाकेत मारलं. "बारा आठवडे शिळा माल दिला तुला. मला घेऊन जायचं होतं."