काडीपैलवानाचं कोलेस्टेरॉल

"काय हो वहिनी, भाऊजींचा रिपोर्ट आला म्हणे?"

"आला ना. कोलेस्टेरॉल वाढलंय! एवढे काडीपैलवान, आणि कोलेस्टेरॉल यांना. मी बाई चांगली ऐसपैस, तर माझं ठीक. हा कुठला न्याय?"

"आणि तुमचं बीपी?"

"ते नका विचारू. १४८."

"मग! अहो, अंगावर चढलं की बीपी बहुतेक चढतंच. मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, मिठाबरोबर पाणी, की हृदयाला जोर लावावा लागतो. आणि तुम्ही इथे सांडगी मिरच्या वाळत घालताय."

"लेकीसाठी आहेत हो!"

"असतील. किलोभर वजन उतरलं तर वरचा आकडा सरासरी एकाने उतरतो म्हणतात. म्हणून गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नका."

"आणि यांचं काय? यांनी उतरवायचं तरी काय?"

"कोलेस्टेरॉल जरा आडमुठं असतं. वजन उतरलं की ट्रायग्लिसराइड चटकन खाली येतं, पण ते वाईट एलडीएल वजनाला फारसं जुमानत नाही. त्यात साय-डालडा येतो, थायरॉइड येतो, घराणं येतं. तुमचे सासरे लवकरच गेले ना?"

"अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, हार्ट अटॅक. सासूबाई अजून म्हणतात, दृष्ट लागली."

"दृष्ट कसली! मुलांचंही तपासून घ्या. आणि भाऊजी काडीपैलवान म्हणता, पण बनियनवर पेपर वाचत बसतात तेव्हा पोट दिसतं हो. पुण्याच्या केईएममधले डॉ. याज्ञिक आहेत ना, त्यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला, शेजारी इंग्रज डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र साहेबाची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२!"

"अगबाई, स्वतःचंच पितळ उघडं!"

"म्हणून तर पटतं. आपल्या लोकांची चरबी पोटात जाऊन बसते, काट्यावर कळत नाही. कंबर मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्याच्या आत हवी."

"यांची पँट चौतिसाची आहे."

"पँटचा नंबर नका सांगू, सगळे पुरुष पट्टा पोटाखाली बांधतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, त्यांच्या मधोमध टेप धरायची."

"द्या बरं तुमची शिवणाची टेप. पण हे श्वास आत ओढून उभे राहणार, बघा."

"मग बोलतं ठेवा. मागच्या निवडणुकीचं काढा, पोट आपोआप सुटेल."