सीताफळाची सोयरीक

दसऱ्याच्या सुमारास राजूर घाट चढून सीताफळांच्या टोपल्या बुलढाण्यात येऊ लागतात. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घाटातल्या सीताफळाला वानरांचं मानांकन आहे. ज्या झाडाला ती हात लावत नाहीत, ते आम्हीही सोडून देतो.

यंदा पुतणी दिवाळीला पुण्याहून ओव्हन घेऊन आली आणि तिनं 'फ्रूट बार' जाहीर केले. खाली मैदा-लोण्याचा थर, वर फळाचा गर, भाजायचं आणि चौकोनी तुकडे पाडायचे. मूळ कृतीत ब्ल्यूबेरी होती. ती आमच्या बाजारात दिसली तरी आई करवंदाच्या भावानं मागेल. त्यामुळे सीताफळ ठरलं. पुतणीचा युक्तिवाद बिनतोड होता: पदार्थ अमेरिकेचा, सीताफळही मूळचं अमेरिका खंडातलं. सोयरीक जुळायलाच हवी.

खरं काम बियांचं. खाताना बी जिभेनं आपोआप बाजूला होते, पण वाटीभर गर हवा म्हटला की सगळं घर चाळणीभोवती बसतं. रवाळ गर बोटांना चिकटतो, बोटं तोंडात जातात आणि वाटी काही भरत नाही. शेवटी पुतणीनं मिक्सरचं भांडं पुढं ओढलं, तशी आईनं त्यावर झडपच घातली.

"बिया वाटतं काय व? उवा मारायचं औषध हाय ते!"

यात खोटं काही नाही. बियांची पूड पूर्वी केसांना लावत, आणि ती डोळ्यात गेली की डोळ्याची आग आग होई.

ट्रे आत जाताना आईनं पुन्हा हरकत घेतली. "काऊन व पोरी, सीताफय कोणी तापवते काय?" पुतणीनं ओव्हनचा काटा 180 वर नेला.

सीताफळाचा गर साधारण 65 अंशांपुढे तापला की कडू होऊ लागतो. म्हणून तर बासुंदीत तो दूध गार झाल्यावर घालतात. आईला अंश ठाऊक नाहीत, बासुंदी ठाऊक आहे.

तपकिरी झालेला तुकडा भावानं तोंडात टाकला, लेकीचं मन राखायला "वेगळीच चव आहे" म्हणाला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

वरचा थर खरवडला, तर खाली निघाली चक्क नानकटाई! पूर्वी दिवाळीत मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन आम्ही बेकरीच्या भट्टीपुढे नंबर लावायचो. तिथं ट्रेंची अदलाबदल होऊन आमचं साजूक तूप कुणाच्या तरी घरी जाई आणि त्यांचा डालडा आमच्याकडे येई. ही मात्र सगळी आमचीच. उरलेला गर आईनं गार आटीव दुधात घातला आणि त्यात बुडवून ट्रे संपला.

आता पुतणीचा डोळा संग्रामपूरकडच्या संत्र्यांवर आहे. संत्र्याचा रसही तापवला की कडवट होतो, हे मला माहीत आहे. पण खाली नानकटाई निघणारच असेल, तर मी मध्ये कशाला बोलू?