मागच्या मालकाचं बिऱ्हाड

सेकंडहँड बाजारातला प्रत्येक लॅपटॉप हा कुठल्या तरी मोठ्या साहेबाने वापरलेला असतो. दुकानदाराचं ऐकलं तर तो साहेब लॅपटॉप महिन्यातून एकदा उघडायचा, तोही मेल बघण्यापुरता, तोही एसीत बसून. प्रत्यक्षात मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी जुनी यंत्रं एकगठ्ठा काढून टाकतात. ते गठ्ठे दिल्लीच्या नेहरू प्लेसला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, पुण्याच्या तापकीर गल्लीत फुटतात. तिथे थिनर लावून कंपनीचं स्टिकर खरवडतात, स्क्रीन पुसतात आणि कोपऱ्यातला टवका अंगठ्याखाली झाकून यंत्र गिऱ्हाइकाला दाखवतात. या सगळ्या संस्काराला रिफर्बिश्ड म्हणतात.

सध्या या बाजाराला भरती आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज 11 अधिकृतपणे चालते ती इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवर, आणि यंत्रात टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी. त्यामुळे चालती-बोलती पण सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं ढिगाने विकायला आली. दुकानदार फक्त “आय सेव्हन आहे साहेब” एवढंच सांगतो. बघायचा असतो त्याच्या पुढचा आकडा. आय7-6600यू असेल तर तो 6 म्हणजे सहावी पिढी. सातवर भुलायचं आणि सहा घरी आणायचा, असा हा व्यवहार.

पुण्यातले एक निवृत्त हेडक्लार्क, ज्यांना एका भाच्यापायी सगळी सोसायटी मामा म्हणते, ते या सापळ्यात सापडले नाहीत. भाचा हिंजवडीला आहे. (पुण्यात प्रत्येकाचा एक भाचा हिंजवडीला असतो, नसेल त्याने कॉम्प्युटर घेऊ नये.) त्याने सांगितल्याप्रमाणे मामांनी आठव्या पिढीचाच आग्रह धरला. दुकानदाराने त्या आग्रहाचा मान राखला आणि त्याचे वेगळे पैसे लावले.

पहिलं भांडण घरी आल्यावर झालं. खोक्यावर 256 जीबी, स्क्रीनवर 238. मामांनी तडक दुकानात फोन लावला, “अठरा जीबी कुठे गेले?” दुकानदार म्हणाला, “काका, कंपनीतूनच तसं येतं.” मामांनी आयुष्यभर हे वाक्य टेबलाच्या दुसऱ्या बाजूने वापरलं होतं, त्यामुळे त्यांचा विश्वास बसला नाही. पण दुकानदार खरं बोलत होता. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या पटीत मोजते, आणि दोघंही त्याला जीबीच म्हणतात. 500 चे 465 होतात, एक टीबीचे 931. बिल्डरच्या सुपर बिल्ट-अपमधून कार्पेट एरिया काढणाऱ्या शहराला हे समजायला जड जाऊ नये.

त्यातही दुकानातल्या पोराने जुन्या रिवाजाप्रमाणे दोन वाटे ठेवले होते. सी ड्राइव्ह 97 जीबी, उरलेला डी. मामांचं सगळं सीमध्ये. त्यांनी फोन जोडून त्यातलं होतं नव्हतं ते ओतलं आणि थोड्याच दिवसांत सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झाली. दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की ती लाल होते. फोनमधून काय आलं होतं, हे सांगायला नको. जानेवारी 2018 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली होती, की भारतातले फोन भरण्यामागचं एक मोठं कारण गुगलच्या अभ्यासकांना सापडलंय आणि ते म्हणजे सकाळी-सकाळी पाठवलेली सुप्रभाताची चित्रं. गुलाब, सूर्योदय, वाफाळता चहा आणि खाली एक सुविचार. तोवर गुगलने फाइल्सच्या ॲपमध्ये ती चित्रं ओळखून काढून टाकायची सोयसुद्धा केली होती. मामांनी मात्र त्यातलं एकही चित्र टाकलं नाही. “कुणी तरी प्रेमाने पाठवलंय,” हे त्यांचं कारण.

मग मामांनी जागा कशी केली? पत्रं काढून. सोसायटीच्या चेअरमनला, वॉर्ड ऑफिसला, वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रव्यवहाराला लिहिलेली वर्डमधली पत्रं. प्रत्येक पत्र उघडायचं, वाचायचं, मुद्दा अजूनही कसा बिनतोड आहे हे मामींना ऐकवायचं आणि जड मनाने डिलीट करायचं. एका पत्राचं वजन सुमारे 25 केबी. दुपारभर खपून पट्टी तसूभर हलली नाही, कारण पत्रं रिसायकल बिनमध्ये जाऊन बसली होती आणि ती टोपलीही त्याच डिस्कवर असते. ती रिकामी केली, तरीही पट्टी लालच.

रविवारी भाचा आला. त्याने विनडर्स्टॅट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला. तो सगळी डिस्क रंगीत चौकोनांत मांडून दाखवतो. फाइल जेवढी मोठी, तेवढा तिचा चौकोन मोठा. मामांची पत्रं भिंगातून शोधूनही दिसेनात. एक चौकोन मात्र वाड्याच्या चौकाएवढा पसरला होता.

“हे कोण?”

“हायबरफिल, मामा. लॅपटॉप झोपवला की मेमरीत जे असेल ते तो इथे उतरवून ठेवतो.”

“पण मी झोपवतच नाही. मी बंद करतो.”

“बंद केला तरी विंडोज थोडं लिहून ठेवते. सकाळी लवकर चालू व्हावा म्हणून.”

“मला सकाळी कसली घाई आहे?”

या प्रश्नाला हिंजवडीकडे उत्तर नव्हतं. ही फाइल साधारणपणे रॅमच्या चाळीस टक्के जागा धरून ठेवते. मामांच्या लॅपटॉपला रॅम 16 जीबी, म्हणजे फाइल सहा जीबीच्या वर. भाच्याने काळी खिडकी उघडून पॉवरसीएफजी, मग तिरकी रेघ, एच आणि ऑफ अशी एक ओळ लिहिली आणि चौकोन नाहीसा झाला. तेवढीच जागा पत्रं काढून करायची म्हटली तर मामांना अडीच लाखांहून जास्त पत्रं आधी लिहावी लागली असती. मामांच्या चेहऱ्यावरून वाटलं, की हा आकडा त्यांनी अशक्य कोटीतला धरलेला नाही.

यश मिळाल्यावर माणूस धीट होतो. “हे विनएसएक्सएस काय आहे? उडव.” उभी हयात ऑफिसात न कळणारी फाइल कपाटात कुलूपबंद ठेवलेले मामा इथे मात्र न कळणारं फोल्डर उडवायला निघाले. भाच्याने हात धरला. विंडोजचे सुटे भाग त्या फोल्डरमध्ये असतात. तिथल्या बऱ्याच फाइल्स एकाच वेळी दोन ठिकाणी दिसतात, म्हणून त्याचा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला दिसतो. हाताने उपसलं तर यंत्र दुसऱ्या दिवशी उठेलच याची खात्री नाही. ते काम डिस्क क्लीनअपला सांगायचं; काय ठेवायचं ते त्याला कळतं.

तसंच सेटिंग्जमध्ये टेम्पररी फाइल्सची एक यादी असते. कॅशे, जुने अपडेट, थंबनेल असली नावं असतात आणि मध्येच, अगदी साळसूदपणे, डाउनलोड्स. त्याच्यासमोरचा चौकोन आपणहून भरलेला नसतो, पण “सगळंच काढू या” म्हणणारं बोट तो भरतं. मराठी घरात डाउनलोड्स हे टेम्पररी फोल्डर नसतं. सातबारा, लाइट बिल, फॉर्म 16, हयातीचा दाखला आणि पुतणीची पत्रिका यांचा तो कायमचा पत्ता असतो. मामांचं बोट मामींनी वेळेत धरलं.

एवढं झाल्यावर भाच्याने सहज डी ड्राइव्ह उघडला. तिथे मागच्या मालकाचं अख्खं बिऱ्हाड होतं! दुकानातल्या पोराने फक्त सी पुसला होता. पगाराच्या स्लिपा. पॅन कार्डाचा स्कॅन. गृहकर्जाचे कागद. रेझ्युमे फायनल, रेझ्युमे फायनल फायनल आणि रेझ्युमे खरा फायनल. आजीच्या नावाने काढलेल्या रजेचे दोन अर्ज, दोन वेगवेगळ्या वर्षांतले, आजी दोन्हीकडे अत्यवस्थ. लग्नाचे फोटो. मामा खुर्ची ओढून पगाराची स्लिप वाचायला बसले. घरभाडे भत्ता बघून त्यांनी चष्मा पुसला.

“दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत,” मामी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या.

“हे पत्र नाही.”

“मग मोठ्याने वाचा.”

मामांनी खिडकी बंद केली.

असं बिऱ्हाड सापडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलत या दोन विद्यार्थ्यांनी 2000 ते 2002 या काळात 158 जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या 129 वाचता आल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त 12. बाकीच्यांतून हजारो क्रेडिट कार्डांचे नंबर निघाले. एक डिस्क तर इलिनॉयमधल्या बँकेच्या एटीएममधली होती आणि तिच्यात लोकांच्या खात्यांचे व्यवहार जसेच्या तसे होते. कारण डिलीट म्हटल्यावर कॉम्प्युटर फाइल पुसत नाही, ती जागा मोकळी झाल्याची फक्त नोंद करतो. झटपट फॉरमॅटही जवळपास तेच करतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच असतो. एसएसडी आल्यावर हे थोडं सुधारलंय; मोकळी झालेली जागा ती स्वतःहून साफ करत जाते. पण केव्हा करेल ते तिच्या मर्जीवर.

तेव्हा सगळं मुळापासून रीसेट करायचं ठरलं. खरं तर ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. आधी सामान लावून मग रंग काढायला घेण्यात काही अर्थ नव्हता. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, रीसेट धिस पीसी. यंत्र पहिला प्रश्न विचारतं तो फाइल्स ठेवायच्या की सगळं काढायचं, हा. फाइल्स ठेवा म्हटलं तरी बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातातच. काय काय गेलं त्याची यादी विंडोज 10 तर डेस्कटॉपवर ठेवून द्यायची, सामान नेणाऱ्याने पावती द्यावी तशी तत्परतेने. मामांचा जीव अडकला होता गणेश मंडळाच्या स्मरणिकेत. तिचा मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला. फॉन्ट गेला की बाप्पाची आरतीसुद्धा रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या खुणा यांची भेळ होऊन दिसते. युनिकोडमध्ये लिहिलेल्याला ती भीती नाही. स्मरणिका आणि फॉन्ट दोन्ही पेनड्राइव्हवर गेले. सोबत सुप्रभाताची चित्रंही गेली, ती कुणी हलवली हे मामींनी विचारलं नाही.

पुढचा प्रश्न, विंडोज क्लाउडवरून उतरवायची की आहे तीच वापरायची. क्लाउडला चार जीबीहून जास्त डेटा लागतो, पण मूळ विंडोजच बिघडलेली असेल तर तीच बरी. आणि मग तो प्रश्न, ज्याच्याकडे दुकानातल्या पोराने दुर्लक्ष केलं होतं: फक्त विंडोज असलेला ड्राइव्ह पुसायचा की सगळे? सगळे. त्याच्याच शेजारी डिस्क खोलवर साफ करण्याची सोय असते. तिला वेळ लागतो, काही तास. चार्जर लावून ठेवावा लागतो. म्हणून पुण्यात हा कार्यक्रम गुरुवारी करू नये, दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा तो वार. मामींनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, कीबोर्ड वाचवून, आणि टक्क्यांचा आकडा हळूहळू वर सरकू लागला.

संध्याकाळी यंत्र उठलं. भाषा विचारली, वायफाय विचारलं आणि वायफाय मिळताच एका बड्या कंपनीचं बोधचिन्ह झळकलं. खाली, आपलं स्वागत आहे, ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड टाका.

“मला नोकरी लागली?” मामा म्हणाले.

“पगार किती देतायत ते आधी विचारा,” मामी म्हणाल्या.

या प्रकाराला विंडोज ऑटोपायलट म्हणतात. कंपनी आपल्या प्रत्येक लॅपटॉपची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदवते. यंत्र कुठेही गेलं तरी नव्याने मांडताना इंटरनेट मिळालं, की ते आधी धन्याची चौकशी करतं. विंडोज पुसा, डिस्क बदला, नोंद तशीच राहते. ती कंपनीनेच काढायला हवी. इथे कंपनीने लॅपटॉप विकला होता, पण नोंद काढायचं राहून गेलं होतं. सेकंडहँड मॅकबुकलाही असंच ॲक्टिव्हेशन लॉक असू शकतं, मागच्या मालकाने खातं काढलं नसेल तर.

दुकानदाराला याचं काहीच वाटलं नाही. “काका, नेट न लावता सेटअप करायचा ना!”

“मग नेट कधी लावायचं?”

“नंतर.”

मामांनी तक्रार तीन प्रतींत लिहून नेली आणि पोच मागितली. पोच कशावर द्यायची हे न कळल्यामुळे दुकानदाराने लॅपटॉप बदलून दिला. दुसऱ्या यंत्राचे पैसे चुकते करण्याआधी मामा काउंटरसमोरच्या स्टुलावर बसले, सगळे ड्राइव्ह पुसून रीसेट करायला लावलं, स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट जोडला आणि कुणाच्याही कंपनीचं स्वागत न होता साधा डेस्कटॉप येईपर्यंत उठले नाहीत. सेकंडहँड घेणाऱ्याने बॅटरी, बिजागरी, कीबोर्ड जरूर तपासावं, पण ही एक परीक्षा सगळ्यांच्या आधी घ्यावी. ती घेऊ न देणाऱ्या दुकानातून सरळ निघून यावं.

आणि आपला जुना कॉम्प्युटर विकायला काढणाऱ्यांनो, घासाघीस करण्यापूर्वी एवढं करा: सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, डिस्क एन्क्रिप्ट करा, मग डी ड्राइव्हसकट सगळं पुसून रीसेट करा. ऑफिसचं यंत्र असेल तर आयटीवाल्यांकडून नोंद काढून घ्या. सीडीचा कप्पा असेल तर तोही एकदा उघडून बघा. लग्नाची सीडी बहुधा तिथेच राहिलेली असते.