नानांचं बिऱ्हाड

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात कुठलीही बेल वाजवा. मराठी घर असेल तर आतून एक नाना निघतातच. बँकेतून निवृत्त, आणि जानव्याला कपाटाच्या किल्लीशेजारी बांधलेला पेनड्राइव्ह.

नाना काही म्हणजे काही टाकत नाहीत. २०१७ साली इंदूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं, तेव्हा कुणी नानांच्या माळ्यावर चढलं नव्हतं एवढंच. तिथे मॉनिटरचा खोका आहे, खोक्यातला थर्माकोल आहे, थर्माकोलची पिशवीसुद्धा आहे. नाही ती फक्त सॉफ्टवेअरची सीडी.

सॉफ्टवेअर पत्रिकेचं, २००३ साली घेतलेलं. त्यावर नानांनी गावातल्या निम्म्या मराठी पोरापोरींचे गुण जुळवलेत. फुकट, वर जिरावण घातलेले पोहे. बनवणाऱ्याला फोन लावला तर तो हल्ली साड्यांच्या दुकानात वाजतो. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टनं नानांच्या विंडोज एक्सपीचा पाठिंबा काढून घेतला. 'पाठिंबा काढला म्हणून सरकार पडतंच असं नाही,' असं म्हणून नानांनी पुढे दहा वर्षं राज्य केलं. यंदा मात्र जुन्या डब्याचा पंखा गिरणीसारखा ओरडू लागला आणि मुलानं पुण्याहून विंडोज ११ चं नवं यंत्र धाडलं.

"त्यात काय, भिया! कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही."

जानवं न सोडताच पेनड्राइव्ह खोचल्यामुळे कॉपी संपेस्तोवर नाना कमरेत वाकलेले. नानींना वाटलं, नव्या यंत्राला नमस्कार चाललाय.

फोल्डर आला, आयकॉन आला. डबल क्लिक केलं तर निरोप: अमुक ओसीएक्स फाइल सापडत नाही. मी म्हटलं, "नाना, हे बिऱ्हाड आहे. खोलीतलं सामान तुम्ही हलवलंत. पण विरजण शेजारून यायचं, ते विंडोजच्या फोल्डरात राहिलं. शिवाय रेशनकार्डावर नवा पत्ता चढवायचा असतो, ती रजिस्ट्री. इन्स्टॉलर हे सगळं परस्पर करून देतो."

"म्हणजे दलाल."

मग विरजण आणलं. जुन्याच्या सिस्टम-३२ मधली फाइल नव्याच्या सिस्टम-३२ मध्ये ठेवली. निरोप तोच! कारण ६४ बिटांच्या विंडोजमध्ये सिस्टम-३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिटांच्या फाइली राहतात, आणि ३२ बिटांच्या राहतात सिसवॉव-६४ मध्ये. हे ऐकून नानांना मायक्रोसॉफ्टबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. "आपल्या कॉलनीतल्या घर-नंबरांसारखंच की! चौदाच्या शेजारी ब्याण्णव."

फाइल योग्य घरी गेली, रेगएसव्हीआर-३२ नं तिची नोंद झाली, सॉफ्टवेअर उघडलं. नानींनी जिलबी पुढे केली. स्थळ घेऊन आलेल्या एक बाई कधीच्या ताटकळत होत्या, त्यांच्या मुलीची पत्रिका काढली. सातव्या घरात मंगळ नव्हता; डॉलरची खूण होती.

"बघा! अमेरिकेचं स्थळ दिसतंय," बाई म्हणाल्या.

दोष ग्रहांचा नव्हता. फॉन्ट युनिकोडच्या आधीचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांना देवनागरी मुखवटे चढवलेले. मुखवटे जुन्या यंत्रात राहिले, आणि चेहरे उघडे पडले. सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं फोनवर तोड सुचवली: जुनी डिस्क अख्खी डिस्क-टू-व्हीएचडीनं एका फाइलीत उचलायची आणि व्हर्च्युअल बॉक्समध्ये एक्सपीसकट चालवायची. नानांना ते रुचलं नाही. "म्हणजे जुना वाडा उचलून फ्लॅटच्या गच्चीवर ठेवायचा? तू फॉन्ट आण."

फॉन्ट आणला. मंगळ सातव्या घरात परतला. बाई जिलबी अर्धी टाकून उठल्या.

हात धुवायला मी गॅलरीत गेलो. दोऱ्याला टांगलेली एक सीडी उन्हात गरगरत होती. वर नानांच्याच अक्षरात लिहिलेलं: 'पत्रिका. जपून ठेवणे.' मी दोऱ्याला हात घातला तोच आतून नाना ओरडले,

"अरे, ती काढू नको! कबुतरं येतात."